उसवून वाचलेल्या एक्केचाळीस नक्षी

२१ जानेवारी

शिवलीले, ही वही तुझ्यासाठी आहे, कारण काल तुझ्या डोक्यात जे होतं ते आज नसतं. आज सकाळी कॉम्प्युटरसमोर बसलीस आणि मलाच विचारलंस, "आज्जी, काल मी कुठपर्यंत आले होते?" मला! जिला 'क' कुठला आणि 'म' कुठला ते ठाऊक नाही, तिला! हे पान वाचशील तेव्हा असं विचारलं होतंस हेही विसरली असशील. म्हणून रोजचं मी सांगते आणि तुझी आई दिपाली लिहिते. माझं बोलणं ती शाळेच्या मराठीत बसवते, त्याला माझा इलाज नाही. काम पुरं होईपर्यंत वही माझ्या उशीखाली राहील, कारण तिच्यात तुझ्याबद्दलही बोलायचं आहे.

तर पहिल्यापासून. आपल्या कारखान्यात तीन माग होते. दोन गेल्या वर्षी भंगारात गेले. राहिला तीन नंबर, चादरीचा, डोक्यावर जेकार्ड असलेला. कुठला धागा उचलायचा आणि कुठला सोडायचा ते जेकार्डला सांगणारी विजेची पेटी दिवाळीत जळाली. तुझ्या बापानं, माझ्या श्रीशैलनं, नवी बसवली. नवी पेटी साधं चित्र वाचते. जुनी पेटी स्वतःच्याच भाषेतल्या फायली वाचायची, आणि आपल्या एक्केचाळीस नक्षी त्याच भाषेत पडल्यात. ती भाषा जाणणारा प्रोग्रॅम सीडीवर आहे, पण तो चालवायला कॉम्प्युटरला एक किल्ली खोचावी लागते. ती मोडली. बनवणारी कंपनी सहा वर्षांपूर्वीच बंद झाली.

नक्षी नाही तर माग विणणार काय? श्रीशैल मला म्हणाला, "एकतीस तारखेला शाकीर भंगारवाला टेम्पो घेऊन येतोय. अव्वा, आता यावर बोलायचं न्हाय." तो एकदा बोलला की बोलला. माग गेला की कारखान्याला कुलूप. आणि गौस जॉबर, ज्यानं तेहतीस वर्षं आपले माग दुरुस्त केले, त्याला साठीत नवीन काम कोण देणार?

कॉलेज संपवून तू घरी बसली होतीस. म्हणालीस, "बाबा, तो प्रोग्रॅम मला उघडून बघू द्या."

"पान्यानं?" मी विचारलं.

"न्हाय गं आज्जी. उसवून."

हा शब्द मला कळला.

२२ जानेवारी

आज तू मला तुझी दोन हत्यारं समजावून सांगितलीस. मला जे समजलं ते असं.

प्रोग्रॅम म्हणजे विणून झालेलं कापड. डिसअसेंबलर ते धागा धागा सुटा करून ओळीनं मांडतो. खोटं बोलत नाही, पण वाचणाऱ्याचा जीव जातो. डीकंपायलर तोच ढीग बघून म्हणतो, इथं फूल असावं, इथं वेल असावी, आणि माणसाला वाचता येईल असं लिहून देतो. हा गोड बोलतो. गोड बोलणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा ते मी तुझ्या आजोबांशी संसार करून शिकले.

मी लग्न होऊन आले तेव्हा नक्षी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर असायची. भोक असलं तर धागा वर, नसलं तर खाली. ते पत्ते शिवायचं काम माझं. दुसऱ्याची चादर बाजारात आवडली तर तिचा कोपरा उसवून नक्षी उतरवून घ्यायचं कामही माझं. एका चादरीला महिना जायचा. एक्केचाळीस नक्षी अशा उतरवायच्या तर पुढचा जन्मही पुरायचा नाही, आणि नमुन्याला आता एकच चादर उरलीय, कमळाची.

तू दोन दिवस पहिल्या ओळीपासून वाचत होतीस. डोळे लाल, हातात काही नाही.

मी म्हटलं, "काठापासून उसवायला कुणी सांगितलं तुला? काठ सगळ्या चादरींचा सारखाच असतो. आधी फूल शोध की."

"प्रोग्रॅममध्ये फूल कुठलं, आज्जी?"

"तो बोलतो का काही? चुकलं की ओरडतो का?"

तू खुर्ची पुढं ओढलीस. मग शोधलंस. त्याच्या पोटातली सगळी इंग्रजी वाक्यं एका यादीत येतात म्हणे. त्यात एक सापडलं: नक्षीची फाइल उघडता आली नाही. मग हे वाक्य कोण म्हणतं त्याचा माग काढलास. ते जिथून म्हटलं जातं तिथंच फाइल उघडण्याचं काम होतं. दोन दिवसांत जमलं नाही ते जेवणाआधी झालं. जेवताना मात्र तू म्हणालीस, "मला सुचलं." असू दे.

२४ जानेवारी

आज तुझं आणि माझं भांडण झालं. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक छोट्या कामाला त्या हत्यारानं नुसता नंबर दिलाय, गाडीच्या नंबरासारखा. तू सकाळी एक वाचून समजून घेतेस आणि दुपारी तेच पुन्हा नव्यानं वाचतेस.

"नावं ठेव त्यांना," मी म्हटलं.

"अजून नक्की माहीत न्हाय ती काय करतात."

"माणसांना आपण नक्की माहीत झाल्यावर नावं ठेवतो व्हय?"

तुझी आई लिहायचं थांबून हसली. मग आपण तिघी बसलो. जे नुसतं इकडचं तिकडं नेतं त्याचं नाव पोस्टमन. जे मोजतं ते तलाठी. एक होतं, त्याच्याकडं सगळेच जातात, आणि ते मोठा गाजावाजा करून शेवटी शून्य परत देतं. त्याचं नाव तू श्रीशैल ठेवलंस. बापाला सांगू नको. जिथं खात्री नाही तिथं नावापुढं प्रश्नचिन्ह टाकायचं ठरलं. ते चिन्ह मला दाखवलंस. कानात अडकवायच्या हुकासारखं दिसतं.

संध्याकाळी तलाठी तलाठी नव्हताच असं निघालं, तर नाव बदललंस. तुला वाईट वाटलं. त्यात वाईट काय वाटायचं?

२५ जानेवारी

आज तुला ओरडले ते बरोबरच होतं. नक्षींचा तो एकच पेन ड्राइव्ह, आणि तू त्याच्यावरच काहीतरी लिहायला निघालीस! नमुन्याची चादर कुणी उसवत बसतं का? कोपरा उसवतात, तोही न दिसणारा. आता तीन प्रती झाल्या. प्रत अस्सलसारखीच आहे का ते ताडून बघायचा एक लांबलचक आकडा असतो, तोही तू लिहून ठेवलास. अस्सल पेन ड्राइव्ह माझ्या पानाच्या डब्यात आहे. त्याला चुना लागणार नाही, मी फडक्यात गुंडाळलाय.

२८ जानेवारी

तीन दिवस सांगण्यासारखं काही झालं नाही. तू बसायचीस, उठायचीस, गॅलरीत फेऱ्या मारायचीस. खरं सांगते, मला वाटलं आता ही सोडणार. तुझ्या आईला मी हे लिहू नको म्हटलं होतं, तिनं लिहिलंच.

आज दुपारी गौस आला, तुझ्या खुर्चीमागं उभा राहिला. "क्या अम्मा, ये छोकरी टीवी देखरी क्या? कबसे एकच पिच्चर चालू है."

"पिच्चर न्हाय चाचा, फाइल आहे," तू वैतागून म्हणालीस. "सगळे आकडेच आकडे. यातला कुठला आकडा कशाचा, ते कळंना."

मी विचारलं, "नक्षीला कुठला आकडा ठाऊक असावाच लागतो?"

गौस आणि मी एकदमच बोललो, "तेराशे चव्वेचाळीस!"

तीन नंबरच्या जेकार्डला तेवढे हुक आहेत. अक्षर येत नसलं तरी ते मी एकेक करून मोजलेत. नक्षी कितीही लहान-मोठी असो, आडवा धागा टाकताना दर वेळी तेवढ्या हुकांना सांगावंच लागतं, तू वर, तू खाली.

तू टाळी वाजवलीस. कॉम्प्युटर सोळा-सोळानं मोजतो म्हणे, त्यामुळं आपले तेराशे चव्वेचाळीस त्याच्याकडं पाचशे चाळीस दिसतात. प्रोग्रॅमभर तो आकडा शोधलास. तीन ठिकाणी निघाला. दोन ठिकाणी भलतंच काम चाललं होतं, तरी तू तिन्ही तपासलीस, ते मला आवडलं. तिसऱ्या ठिकाणी नक्षी उलगडत होती. फायलीतही तो आकडा होता, फक्त शेपटाकडचा तुकडा आधी आणि डोक्याकडचा मागून. चार दिवस तुझ्या डोळ्यांसमोर होता.

गौसनं चहा घेतला. जाताना हळूच म्हणाला, "अम्मा, तीन दिन बचे हैं."

३१ जानेवारी

शाकीर आला नाही. टेम्पोचा एक्सल तुटला असं श्रीशैलला फोनवर म्हणाला. असला कसला भंगारवाला, ज्याचा टेम्पोच भंगार! श्रीशैलनं तोंड वाकडं करून सांगितलं, "आता पाच तारखेला येतो म्हणतोय." मी म्हटलं, दुसरा भंगारवाला बघ, धंद्यात वक्तशीर माणूस पाहिजे. मला माग जायला नकोय, पण पद्धत म्हणून काही असतं.  दिपाली लिहिता लिहिता हसतेय. विचारलं तर म्हणते, ठसका लागला.

३ फेब्रुवारी

आज पडद्यावर पहिली नक्षी उमटली! मोराची. तुरा, चोच, पिसारा, सगळं. गौसला फोन केलास, तो सायकलवरून आला. मग कमळ उघडलंस आणि ते फाटकं निघालं. वरचा भाग बरा आणि मधेच ओळी सरकलेल्या, पाकळ्या एकीकडं, देठ दुसरीकडं.

तू डीकंपायलरनं लिहून दिलेलं पुन्हा पुन्हा वाचलंस. त्यात काही चूक दिसेना. "आज्जी, प्रोग्रॅमच चुकीचा असंल."

"त्या प्रोग्रॅमवर दहा वर्षं चादरी निघाल्या. चूक त्याची न्हाय."

मला अक्षर वाचता येत नाही, पण कापड येतं. मी एकेक नक्षी उघडायला लावली. मोर चांगला, जाळी चांगली, वेल चांगली. कमळ फाटकं, चंद्रकोर फाटकी. ज्या नक्षीत फुलाफुलांमधली मोकळी जमीन लांब आहे, तीच फाटत होती. भरगच्च होती ती धड.

"मोकळ्या जागेत घोळ हाय तुझा," मी म्हटलं.

 मग गोडबोल्याला बाजूला सारून सुट्या धाग्यांच्या ओळी काढल्यास. जमीन मोकळी असली की फायलीत एकेक धागा लिहीत नाहीत, नुसतं "इतके सारखे" असं लिहितात. ते "इतके" एकशे सत्तावीसच्या पुढं गेले की डीकंपायलर त्यांना शून्याच्या खालचे समजत होता. आकडा कुठल्या जातीचा ते त्यानं आपल्या मनानं ठरवलं, आणि तू मान डोलावलीस. डिसअसेंबलरच्या ओळीत ते स्पष्ट होतं, पण तिथं तू बघितलंच नव्हतंस. त्या एका आकड्याची जात तू बदललीस आणि कमळ जुळलं.

हे लक्षात ठेव: रोजचं वाचन डीकंपायलरमध्ये कर, तिथं भरभर होतं. जिथं अडेल तिथं खाली उतरून धागे बघ.

५ फेब्रुवारी

श्रीशैल म्हणाला, शाकीर आज वैराग गावी गेलाय. मेव्हण्याचं लग्न. आता दहा तारीख.

७ फेब्रुवारी

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नक्षी उघडल्या. तू त्यांची नव्या पेटीला चालतील अशी साधी चित्रं बनवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिलास. चित्रात काळा ठिपका म्हणजे हुक उचल, पांढरा म्हणजे राहू दे, इतकंच.

तेवढ्यात तुला एक शंका आली. नमुन्याची कमळाची चादर आहे, तिची जमीन मरून रंगाची, कमळ पांढरं. चित्रात मात्र जमीन पांढरी आणि कमळ काळं. तू म्हणालीस, सगळं उलटं आलंय, आपलं कुठंतरी चुकतंय. दिवसभर शोधलंस, चूक सापडेना. शेवटी एक ओळ घालून काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं केलंस. आता चित्र चादरीशी तंतोतंत जुळलं. मला दाखवलंस. मी छान म्हणाले. चित्र छानच होतं, आणि माझं लक्ष भाकरीकडं होतं.

९ फेब्रुवारी

श्रीशैल म्हणाला, शाकीरला टायफॉईड झालाय, चांगला आठवडा-दीड आठवडा उठत नाही. त्याच्या आवाजात जरा काळजीसुद्धा नव्हती. हा मुलगा इतका कोरडा कसा झाला?

संध्याकाळी गौस म्हणाला, "शाकीर? उसकू तो मैं दोपहर में सात रस्ते पे देखा, भजी खारा था, दो पलेट!" गौसचे डोळे आता गेलेच म्हणायचे. टायफॉईडचा माणूस भजी खाईल का? मी त्याला म्हटलं, मोतीबिंदू दाखवून घे. श्रीशैलला एकाएकी बाहेर काम आठवलं आणि तो निघून गेला. दिपालीला पुन्हा ठसका.

११ फेब्रुवारी

आज माग चालवायचा दिवस होता. मी रिक्षानं कारखान्यात गेले. तू कमळाचं चित्र पेटीत घातलंस, गौसनं बटण दाबलं. श्रीशैल दारात हाताची घडी घालून उभा.

माग सुरू झाला आणि पंधरा-वीस मिनिटांत कापडावर कमळाची पहिली पाकळी दिसायला लागली. पांढरी, मरून जमिनीवर. तू नाचलीस! "बाबा, बघा, फूल! बघा की!" श्रीशैल दोन पावलं पुढं आला.

मला मात्र आवाज आवडला नाही. जेकार्ड कण्हत होतं. जड ओझं डोक्यावर घेतलेली बाई जिना चढताना कण्हते तसं. मी कापडाजवळ गेले, वाकून बघितलं आणि ओरडले.

"बंद कर! गौस, बंद कर! चादर सुलटी येतीया!"

वर काहीतरी तुटल्याचा आवाज आला. माग थांबला. एक स्प्रिंग गेली होती.

तुझा चेहरा बघवत नव्हता. "पण आज्जी, फूल तर बरोबर दिसतंय!"

"दिसतंय म्हणूनच चुकलंय गं! चादर मागावर पालथी विणतात. चांगलं तोंड खाली, पाठ वर. वरून फूल असं दिसायलाच नको."

गौस डोकं खाजवत म्हणाला, "मैं भी येच बोलने वाला था अम्मा. पन छोकरी इत्ती खुश हुई..."

मग तुला बसवून सांगितलं. पालथी विणली की फक्त फुलापुरते हुक उचलावे लागतात, जमिनीचे खालीच राहतात. सुलटी विणायची म्हटलं तर जमिनीचे सगळे हुक दर धाग्याला उचलायचे. तेराशेतले हजारभर! कुठलं जेकार्ड ते ओझं सोसेल? ती फाइल लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं. त्यानं नक्षी मागासाठी लिहिली होती. तू ती तुझ्या डोळ्यांसाठी सुधारलीस.

तू म्हणालीस, "म्हणजे मी वाचलेलं पहिल्यापासून बरोबर होतं?"

"व्हय. आणि तू ते दुरुस्त केलंस."

तुझा दोष नाही. जन्मभर तू चादरी घडी घातलेल्याच बघितल्यास. मागाजवळ यायला लागलीस तेव्हा दोन माग गेलेले आणि तिसरा बंद पडलेला. दोष असलाच तर चित्र दाखवलंस तेव्हा भाकरीकडं बघणाऱ्या बाईचा.

श्रीशैल मागाजवळ आला. स्प्रिंग हातात घेऊन बघत बसला.

१२ फेब्रुवारी

तू ती एक ओळ काढून टाकलीस. का काढली तेही लिहून ठेवलंस, हे मी न सांगता. गौसनं बंद मागांच्या राहिलेल्या सामानातून स्प्रिंग शोधून बसवली. दुपारी दोनला माग पुन्हा सुरू झाला.

या वेळी जेकार्डचा आवाज हलका. कापडाच्या पाठीवर नुसते धुरकट डाग दिसत होते, कशाचा काही पत्ता लागत नव्हता. तू नखं खात उभी. मग गौसनं आपला दाढीचा गोल आरसा काढला, मागाखाली वाकला आणि कापडाच्या खाली धरला. "आव सेठ, देखो."

श्रीशैल गुडघ्यावर बसला. मीही कशीबशी वाकले. आरशात कमळ होतं. पांढरं, मरून जमिनीवर, आठही पाकळ्या जागच्या जागी.

श्रीशैल बराच वेळ आरशातच बघत राहिला. आरसा धरून गौसचा हात अवघडला तरी उठेना. शेवटी म्हणाला, "उद्या मोर लावा. परवा चंद्रकोर." आणि अंगणात जाऊन शाकीरला फोन केला. दोन मिनिटांत परत आला. "नको म्हणून सांगितलं त्याला," इतकंच बोलला. मी विचारलं, तो काय म्हणाला? तर म्हणे हसला. तापात माणूस असा हसतो कधीकधी.

मला त्या शाकीरची दयाच आली. आधी टेम्पो मोडला, मग लग्नाची धावपळ, मग टायफॉईड, आणि आता हातचा मागही गेला. आपल्यामुळं बिचाऱ्याचं सगळंच फिसकटलं. शिवलीले, वही उद्या तुझ्या हातात देते. माझं नाव त्या प्रोग्रॅममध्ये कुठं टाकायचं असेल तर टाक, नसेल तर राहू दे.

दिपाली, हसायचं थांब आणि हे नीट लिहून घे. उद्या दुपारी शाकीरकडं डबा पाठवायचा. मऊ मुगाची खिचडी, वर साजूक तूप, सोबत पातळ ताक. शेंगाची चटणी द्यायची नाही, तिखट अजिबात नाही, भजी तर नावालाही नाही. डबा श्रीशैलकडं देऊ नको, गौसकडं दे. आणि गौसला सांग, शाकीर शेवटचा घास खाईपर्यंत समोरून हलायचं नाही.